नळाच्या जाळीचं व्रत

हळदीकुंकवाला बायका काय काय लुटतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. प्लास्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या, कापडी पिशव्या, कंगवे, आणि हल्ली मोबाइल उभा करून ठेवायचं ते काहीतरी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरी येईल तिला वाण द्यायचं, आणि तिनं ते नको म्हणायचं नाही, ही या रिवाजातली मोठी सोय. नवऱ्याला वस्तू नको म्हणता येते, दुकानदाराला म्हणता येते, पण वाण नको म्हणणारी बाई मला अजून भेटायचीय.

तर यंदा मी नळाच्या जाळ्या लुटल्या. नळाच्या तोंडाला बसवायची, बोटाच्या पेराएवढी गोल जाळी असते बघा, ती. बसवली की पाणी फेसाळून येतं, हाताला भरपूर लागल्यासारखं वाटतं, पण खरं तर पहिल्यापेक्षा कितीतरी कमी सुटतं.

आमचे हे म्हणाले, "अगं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातात प्लंबिंगचं सामान देणार तू?"

"देणार. मागच्या वर्षी चहाची गाळणी दिली तेव्हा काही बोलला नाहीत. ही नळाची गाळणी समजा."

"लोक हसतील."

"हसू दे की. तुमच्या मीटिंगला तर झोपले होते."

हे जरा लागेल असं बोलले मी, कबूल. पण त्याचं असं झालं होतं. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडालाच आमच्या इमारतीची बोअरवेल खोकायला लागली, आणि पुढे पावसानंही दडी मारली. खोकणं म्हणजे खरंच खोकणं. मोटर लावली की आधी नुसती हवा, मग लाल गढूळ चूळभर पाणी, की पुन्हा हवा. मग टँकर. टँकरवाला म्हणजे त्या दिवसांत जावयासारखा. येतो म्हणायचा, यायचा नाही, आणि आला की सगळी इमारत हातातलं काम टाकून त्याच्याभोवती उभी. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, त्यामुळे कुठल्याही संकटाचा त्यांना आधी तक्ता करावा लागतो. त्यांनी गच्चीवर मीटिंग घेतली. भिंतीवर चादर बांधून चित्रं दाखवली. हवामान का बदलतंय, जमिनीत पाणी का मुरत नाही, एकेका घरातून किती वाया जातं, सगळीकडे बाणच बाण. लोकांनी मान डोलावली, मद्दूर वडे संपवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाईप लावून गाड्या धुतल्या.

मी काही पृथ्वी वाचवायला निघाले नव्हते हो. ते खातं आमच्या ह्यांच्याकडे. मला फक्त खालच्या मजल्यावरची अक्का वाचवायची होती.

अक्का हासनकडची, मी निपाणीकडची. शहरातल्या मल्लेश्वरम भागातल्या या इमारतीत आम्ही दोघी एकाच सुमारास लग्नाच्या पेट्या घेऊन आलो. माझं कन्नड बेळगावी वळणाचं. इथल्या लोकांना ते ऐकून मी भांडतेय असंच वाटतं. अक्कालाही पहिले काही महिने तसंच वाटलं. मी "साखर आहे का?" विचारलं की ती घाबरून अख्खा डबाच आणून द्यायची. मग ती मराठी शिकली, निदान माझ्यापुरती. मला ती वहिनी म्हणते, कारण पहिल्यांदा माझ्या दिरानं मला तशी हाक मारलेली तिनं ऐकली आणि धरून ठेवली. आम्ही आलो तेव्हा या घरात पंखे नव्हते. लागायचेच नाहीत. संध्याकाळी स्वेटर घालून आम्ही दोघी भाजीला जायचो आणि माहेरच्या बायकांना पत्रातून थंडी कळवायचो. आता फेब्रुवारीतच पंखा नुसता गरम हवा ढवळतो आणि अक्का ओला नॅपकिन मानेवर टाकून बसते.

तिचा मुलगा होसकोटेच्या रस्त्याकडे एका उंच इमारतीत राहतो. पोहायचा तलाव, कारंजं, गेटवर सलाम ठोकणारी माणसं, सगळं आहे. जिथे ती इमारत उभी आहे तिथे पूर्वी तळं होतं. तळ्याला ते अजून आठवतं. एका वर्षी पाऊस इतका कोसळला की तळं आपलं घर शोधत परत आलं, आणि अक्काचा मुलगा डोक्यावर लॅपटॉपची पिशवी धरून ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेला. टीव्हीवर दाखवलं ते. अक्का त्या दिवशी सगळ्यांना सांगत होती, "बघा, माझा मुलगा. एवढं शिकवलं, शेवटी ट्रॅक्टरवरच बसला."

पण गेल्या दिवाळीला तो आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "अम्मा, पुरे आता. म्हातारपणी टँकरच्या मागे बादल्या घेऊन धावायचं? माझ्याकडे चल. तिकडे चोवीस तास पाणी आहे."

मी तिथेच होते. फराळाचं ताट द्यायला गेले होते आणि ऐकायला मिळतंय म्हणून थांबले होते.

"आंटी, तुम्हीच सांगा हिला," तो म्हणाला.

"सांगते की," मी म्हटलं. "पण लगेच कशाला? घर मोडायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"मग असं करू. उन्हाळ्यात मी येऊन बघेन. नळाला नीट पाणी असलं तर राहा. नसलं तर मी ट्रक घेऊनच येणार."

अक्का सरी म्हणाली, म्हणजे बरं. तिचं सरी मी ओळखते. मनात नाही म्हणायचं असलं की ती फार पटकन सरी म्हणते.

तो गेल्यावर ती चकलीचा तुकडा मोडत बसली, तो खाल्लाही नाही. मला मात्र त्या रात्रीपासून एकच दिसायला लागलं. खालच्या खिडकीला पडदा नाही, ओट्यावर तुळस नाही, आणि दार उघडून कुणीतरी चष्मेवाला भाडेकरू विचारतोय, "येस?" पाण्यावाचून माणूस तडफडतं म्हणतात. मला पाण्यावाचून माझी मैत्रीण जाणार होती.

म्हणून जाळ्या. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "एवढ्या? हॉटेल उघडताय का अम्मा?"

"हळदीकुंकू आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जाळ्यांकडे बघितलं, आणि आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप वर फुकट दिली. आट्यांच्या नळाला आट्यांची जाळी, साध्या नळाला रबराची. तीही त्यानं निवडून दिली. मी घरी येऊन प्रत्येक पुडी बांधली. तिळगूळ, बोरं, उसाचे करवे, एक जाळी, वीतभर टेप.

हळदीकुंकवाला इमारतीतल्या सगळ्या आल्या, शिवाय समोरच्या गल्लीतल्याही. मी सवाष्ण, विधवा, कुमारिका असं काही बघत नाही. अक्काचे यजमान गेले त्या वर्षी तिला बोलावलं तेव्हा एकदोघींनी भुवया उंचावल्या होत्या. मी सरळ सांगितलं, "आमच्या निपाणीकडे चालतं." निपाणीकडे चालत होतं की नाही मला काय माहीत, पण निपाणीला फोन करून विचारणार कोण? शास्त्र बनवायला किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

कन्नड बायकांनी मला एळ्ळु-बेल्ल दिलं, म्हणजे त्यांचं तीळ-गूळ-खोबऱ्याचं मिश्रण. मी त्यांना तिळगूळ दिला. कुंकू लावून झालं, अत्तर झालं. मग पुड्या उघडल्या गेल्या.

"काकू, हे काय आहे?" वरच्या मजल्यावरची मुलगी म्हणाली. ही पुण्याची. नवराबायको दोघंही दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेले.

"वाण आहे."

"पण करायचं काय याचं?"

आता बघा, मला खरं उत्तर देता आलं असतं. पाणी वाचतं, अमुक होतं, तमुक होतं. पण ते सगळं आमच्या ह्यांनी चादरीवर दाखवून झालं होतं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "यंदा पाण्याचं वाण लुटायचं असतं. पाऊस रुसला की त्याच्या पुढच्या संक्रांतीला. आजच्या आज नळाला बसवायचं. आणि पाऊस लागेपर्यंत काढायचं नाही."

"काढलं तर?" समोरच्या गल्लीतली एकजण म्हणाली.

मी नुसता सुस्कारा सोडला आणि म्हटलं, "काढू नये बाई."

त्या सुस्काऱ्यानं काम केलं. चादरीवरच्या सगळ्या बाणांनी मिळून जे झालं नव्हतं ते त्या एका सुस्काऱ्यानं झालं. संध्याकाळी इमारतीत सगळीकडून नळांवर पाने फिरवल्याचे आवाज येत होते. एकीनं तर नवऱ्याला ऑफिसातून लवकर बोलावून घेतलं, सूर्यास्ताच्या आत बसवायला. सूर्यास्ताचं मी बोललेच नव्हते.

दोन-तीन दिवसांनी पुण्याची मुलगी जिन्यात भेटली. "काकू, मी गुगल केलं. असं काही वाण सापडलं नाही."

"गुगलला काय कळतंय? त्याला हळदीकुंकवाला बोलावलं होतं का?"

ती हसली. पण जाळी काढली नाही हो तिनं. लहानपणी आजीनं घातलेली भीती आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी सुखानं नांदतात.

इथपर्यंत ठीक होतं. मग शास्त्राला पाय फुटले. गेटपाशी मल्लिगेचे गजरे विकणारी बाई एक दिवस मला म्हणाली, "अम्मा, यंदा भाजी नळाखाली धुवायची नाही. पातेल्यात धुवायची आणि ते पाणी तुळशीला. व्रत आहे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. आणि शनिवारी गाडीवर पाणी ओतायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायची."

"शनिवारीच?"

"आधी शनिवारी होतं. आता पूर्ण आठवडा झालंय."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझ्या धर्माची चांगली वाढ होतेय. संस्थापिकेला काही विचारत नाहीत वाटतं?"

विचारलं नाही ते नाहीच, वर मलाच पकडलं. माझी एक खोड आहे. सकाळी उठून खाली येऊन ओट्यापुढची फरशी पाईपनं धुवायची. भस्सकन पाणी सोडायचं, फरशी लखलखीत झाली पाहिजे, मग वर रांगोळी. टँकरच्या दिवसांतही मी थोडं थोडं चोरून करत असे. तर त्या सकाळी पाईप हातात आणि मागून आवाज आला, "काकू, पाईप? व्रताला चालतो?"

पुण्याचीच. वर पुन्हा मोबाइलवर फोटो काढायच्या तयारीत.

"हा... मी पाईप गुंडाळून ठेवत होते," मी म्हटलं.

"नळ चालू ठेवून?"

मी नळ बंद केला. तेव्हापासून सडा म्हणजे तांब्याभर पाणी. हातानं शिंपडायचं, सवय नाही म्हणून कंबर दुखते, पण करायचं. आपणच काढलेलं शास्त्र आपण कसं मोडणार? पाईप तसाच कोपऱ्यात पडून होता, तोंड वाकवून. मी त्याच्याकडे बघायचं टाळायची.

पण खोटं कशाला बोलू, फरक पडला. मार्च उजाडला तरी वरची टाकी संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. टँकर येतच होता, पण पूर्वीसारखा नाही. आमचे हे रोज टाकीत डोकावून यायचे आणि काही न बोलता चहा प्यायचे. त्यांना आनंद झाला की ते काही बोलत नाहीत. शिवाय त्यांना हे सुस्काऱ्यानं झालंय हे पचवायचं होतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी अक्काचा मुलगा आला. न सांगता आला, परीक्षा घ्यायची म्हणून. मी खालीच होते, कैऱ्या किसत. अक्काकडे किसणी चांगली आहे. तो आल्या आल्या हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला, आणि आतूनच ओरडला, "अम्मा! हे काय? पाणी संपलंय तुमचं."

आम्ही दोघी धावलो. नळाला जाळी. जाळीतून पांढरं, फेसाळ, बारीक पाणी. ज्यांना सवय झाली त्यांना ते पाणी वाटायचं. त्याला तो नळाचा शेवटचा श्वास वाटला.

"बघितलंत आंटी? ही अवस्था आणि आत्ता एप्रिलच आहे. मी म्हणत होतो ना? अम्मा, पुढच्या रविवारी ट्रक आणतो."

मी म्हटलं, "अरे बाबा, पाणी भरपूर आहे. ती जाळी बसवलीय म्हणून तसं दिसतंय. थांब, काढून दाखवते." आणि पुढे झाले.

अक्कानं माझा हात धरला. "काढायची नाही."

"अक्का!"

"पाऊस लागेपर्यंत काढायची नाही. शास्त्र आहे."

मीच उठवलेल्या शास्त्रानं माझीच मैत्रीण होसकोटेला निघाली होती, आणि ती भाबडी ते पाळत उभी. मी तिच्या कानाशी लागले, "अगं, ते शास्त्र तसं... म्हणजे स्वल्प सैल आहे. काढलं तरी चालतं."

तिनं मला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य आतच राहिलं.

मुलगा कपाळाला हात लावून उभा. "अम्मा, कुठलं शास्त्र? नळाला कुठे शास्त्र असतं?"

"तू गप्प बस. एवढ्या उन्हातून आलास, घामेजलायस. आधी आंघोळ कर. न्हाणीघरात बादली लाव. भरली तर पाणी आहे. नाही भरली तर मी तुझ्याबरोबर येते. आत्ताच येते. ट्रक कशाला, तुझ्या गाडीत बसून येते."

न्हाणीघरातल्या नळालाही जाळी होती. बादली भरायची, नक्की भरायची, पण वेळ घ्यायची. आणि हा मुलगा म्हणजे लिफ्ट यायला उशीर झाला तर जिन्यानं पळणारा.

त्यानं बादली लावली. नळ सोडला. सुरुवातीला उभा राहून बघत होता, डॉक्टर सलाईनकडे बघतात तसा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऑफिसचा. तो "यस, यस" करत बाहेर ओट्यावर गेला. अक्का स्वयंपाकघरात कॉफी करायला लागली. मी किसणी घेऊन तिथेच बसले, पण कान न्हाणीघराकडे. तो बाहेर येरझारा घालतोय, हात हलवतोय, कुणाला तरी समजावतोय. अक्काची कॉफी काही होत नाही. दूध तापतंय, तापतंय. मी म्हटलं, "अक्का, गॅस मोठा कर की." ती म्हणाली, "दूध उतू जातं."

शेवटी कॉफी झाली. तो आत आला, वाटीतला पेला उचलला, बसला, पहिला घोट घेतला. आणि मला आवाज ऐकू आला. बादली काठोकाठ भरून पाणी फरशीवर पडत होतं, ते वाहत वाहत उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

अक्का न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिली. कमरेवर हात. "ये. ये इकडे."

तो आला.

"पाणी नाही म्हणालास ना? मग हे काय वाहतंय? ताक?"

"अम्मा, फोन आला म्हणून मी..."

"इथे आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी टाकत नाही. ही आंटी सडा तांब्यानं घालते, तिची कंबर बघ. भाजीचं पाणी तुळशीला जातं, कपड्यांचं पाणी संडासात जातं. सगळी इमारत जपून वापरतेय. आणि तू? आलास, नळ सोडलास आणि गेलास. तुझ्याकडे चोवीस तास पाणी आहे ना, म्हणून हात असा सुटलाय."

"सरी अम्मा, सॉरी."

"सॉरी नको. तो मग घे. फरशीवरचं भर. झाडांना घाल. एक थेंब मोरीत जाता कामा नये."

एवढा मोठा माणूस, हाताखाली कितीतरी लोक असतील त्याच्या, पॅन्ट दुमडून फरशीवरचं पाणी मगानं गोळा करत होता. अधूनमधून माझ्याकडे बघत होता, मी त्याची बाजू घेईन म्हणून. मी कैरीत मान घातली. हसू दाबायला किसणी फार उपयोगाची वस्तू आहे.

जेवून निघताना त्यानं स्वयंपाकघरातला नळ परत एकदा सोडून बघितला. खाली बोट धरलं, फेस निरखला. मग म्हणाला, "या उन्हाळ्यापुरतं ठीक आहे. पुढचं पुढे बघू."

"पुढचं पुढेच बघतात," अक्का म्हणाली.

त्याची गाडी वळल्यावर मी धपकन खुर्चीत बसले. "अक्का, तुला एक सांगायचंय. ते शास्त्र..."

"तू काढलंस. माहितीये."

"कधीपासून?"

"हळदीकुंकवापासून. खोटं बोलायच्या आधी तू पदर सारखा करतेस, वहिनी. निपाणीच्या वेळी पण केला होतास."

"मग मघाशी काढू का दिली नाहीस जाळी?"

"काढली असती तर काय दिसलं असतं? पाणी भरपूर. तो म्हणाला असता, आज आहे, उद्याचं काय? आता त्याला कळलं की आहे ते आम्हाला पुरवता येतं. आणि त्याला येत नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणून कॉफीला एवढा वेळ?"

"गॅस बारीक होता," ती म्हणाली, आणि ओच्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

मग एकेक बाहेर यायला लागलं. भाजी पातेल्यात धुवायचं, ते हिचं. शनिवारची गाडी हिची, आणि शनिवारचा आठवडाही हिनंच केलेला. गजरेवालीला सांगितलं की मल्लेश्वरमभर होतं हे तिला पक्कं ठाऊक.

"तुझ्या शास्त्रात जागा फार होती," ती म्हणाली. "मी स्वल्प भरली."

"आणि माझा पाईप? त्या पुण्याच्या मुलीला कुणी लावून दिलं माझ्या मागे?"

"किती वर्षं सांगतेय, सडा तांब्यानं घाल. कधी ऐकलंस?"

मी रागवायचं ठरवलं होतं, पण जमेना. ती किसलेली कैरी पुढ्यात ओढून मीठ लावायला लागली. हात चालू ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला जायचं नव्हतं गं. तू एकटीच धडपडत होतीस असं वाटलं का तुला?"

कैरी मला आंबट लागली, एवढंच म्हणेन.

मे महिन्यात वेगळीच गंमत झाली. त्या उंच इमारतीचं चोवीस तास पाणी आधी बारा तासांवर आलं, मग सकाळ-संध्याकाळवर, मग टँकरवर. टँकरवाला तरी कुठून आणणार, आजूबाजूच्या सगळ्या उंच इमारती त्याच जमिनीतून ओढत होत्या. पोहायचा तलाव कोरडा, कारंजं बंद. एका रविवारी अक्काच्या दारात गाडी थांबली. मुलगा, सून आणि मळक्या कपड्यांच्या पिशव्या. आंघोळ इथे, डोक्यावरून न्हाणं इथे, कपडे इथे. पुढच्या रविवारीही तेच.

अक्का दारातच उभी राहून सांगायची, "एकेक बादली. मशीन एकदाच लागेल. शेवटचं पाणी फेकायचं नाही, त्यानं ओटा पुसायचाय."

मुलगा आता नळ सोडून फोन घेत नाही. बादलीपाशी पाट टाकून बसतो. सून मात्र केसांची हौशी, तिचे केस गुडघ्यापर्यंत लांब, आणि शांपूचा फेस काही केल्या निघत नाही. पण बिचारी प्रयत्न करते. जाताना तिनं माझ्याकडे जाळ्या मागितल्या, त्यांच्या मजल्यावर वाटायला. "आंटी, हे कुठलं व्रत म्हणून सांगू?" मी पदर सारखा करणार होते, पण अक्का समोर होती. म्हटलं, "व्रत कशाला, पाणी कमी लागतं म्हणून सांग." ती जरा हिरमुसली. तेवढ्यानं कुणी ऐकेल असं तिलाही वाटलं नसावं.

त्या रविवारी संध्याकाळी ते निघाले तेव्हा अक्का खालच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. मानेवर ओला नॅपकिन. मला म्हणाली, "वहिनी, टाकी बघून ये. माझ्या लेकरांनी काही ठेवलंय का?"

मी गच्चीवर गेले. उन्हानं पायरी अजून भाजत होती. टाकीचं झाकण सरकवलं, वाकून पाहिलं. तळाशी होतं, रात्रीच्या स्वयंपाकापुरतं, उद्या सकाळच्या चहापुरतं.

कठड्यावरून ओरडले, "आहे गं, आहे!"

"किती?"

"तुझ्या सुनेचं आणखी एक न्हाणं होणार नाही, एवढं!"

खालून अक्काचं हसणं आलं, आणि त्याच्या मागोमाग तिचा दबका आवाज, "हळू बोल गं, गाडी अजून गेटातच आहे."